पाळण्यावरून गोठ्यात गेलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना छताचा पंखा आहे, आणि लपवून काय उपयोग, मनाने फार मत्सरी आहे. पंख्याने थंड राहावे, असे लोक म्हणतात. मला ते कधी जमले नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात तांब्याची तार, अंगावर तपकिरी रंग आणि पात्यांना सोनेरी काठ. खामगावच्या एका दुकानात वच्छलाबाईच्या वडिलांनी मला पाहिले आणि लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिले. पलंग, कपाट आणि पितळी भांड्यांच्या मधोमध बसून, मेटॅडोरमधून मी सोनाळ्याला आलो. तेव्हा आमच्या गल्लीत छताचा पंखा म्हणजे अप्रूप होते. दुपारी शेजारच्या बाया सुपे घेऊन माझ्याखाली डाळ निवडायला बसत.

"वच्छला, तुह्या माहेरची हवा लय गार हाय व!" त्यांतली मंजुळाबाई म्हणायची, आणि मी आणखी ऐटीत फिरायचो.

वच्छलाबाईचा गोकुळ माझ्याखालीच रांगला, शिकला, बोहल्यावर चढला. त्याची बायको पुष्पांजली कॉलेज शिकलेली. पुढे त्यांच्या घरी छकुली जन्मली. तिचा पाळणा माझ्या खोलीत बांधला आणि म्हातारपणी मला नवी पालवी फुटली. छकुली उताणी पडून माझ्याकडे टक लावून पाहायची. मी खट्‌-खट्‌ वाजायचो, ती हात-पाय झाडायची. आमचे दोघांचे बरे चालले होते.

तिची आईही माझ्याकडे सारखी पाहायची, पण ते पाहणे वेगळे. माझ्या कड्याकडे पाही, नटाकडे पाही. एकदा तर तिने पाळणाच भिंतीकडे सरकवला. "आई, हा डुलतो व. पोरीवर पडला म्हणजे?" वच्छलाबाई हसली, "तुह्या नवऱ्यावर नाही पडला तीस वर्षांत, तिच्यावर काऊन पडन?" पण पुष्पांजली ऐकणारी नव्हती. लेकीच्या मानेच्या वळीत बोट घालून ती दिवसभर घाम तपासायची. घामोळ्या उठल्या की दोष माझा. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरला की मी बैलासारखा रेंगाळत चालतो, हे खरे. पण तो काय माझा गुन्हा?

आमच्या गावात वीज सहकारी संस्था आहे. गावकरीच तिचे सभासद. त्या संस्थेची अमीना घरोघरी फिरून सभासदांच्या अडचणी ऐकते आणि वीज कशी वाचवायची ते सांगते. एक दिवस ती आमच्याकडे आली आणि एक छोटे यंत्र लावून माझी वीज मोजू लागली. यंत्राकडे पाहून हसली.

"मावशी, हा तर लय खादाड निघाला!"

इतक्या वर्षांच्या सेवेनंतर खादाड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नवा पंखा याच्या निम्म्याहून कमी वीज खाते," अमीना सांगत होती. "विजेचा दाब कमी असला तरी नीट फिरते. संस्था तो सभासदांना स्वस्तात देते. फक्त जुना पंखा संस्थेत जमा करायचा. आम्ही त्याची पाती वाकवून टाकतो, म्हणजे तो पुन्हा कुठंच लागत नाही."

पाती वाकवणार! वच्छलाबाईचा चेहरा उतरला. "माह्या बापानं देल्ला हाय तो," एवढेच ती बोलली.

पण सुनेचा धोशा सुरू झाला. शेवटी वच्छलाबाईने एक शक्कल काढली. माळ्यावर एक जळलेला पंखा धूळ खात पडला होता. तो तिने संस्थेत नेऊन दिला आणि नवा आणला. घरी येऊन पदरात तोंड लपवून हसली. "हाच होता का छताले, असं इचारे थे काउंटरवरची पोरगी. म्या म्हटलं, हाव, हाच!" पुष्पांजलीला ते पटले नाही, पण पाळण्यावर नवा पंखा लागणार होता. ती गप्प राहिली.

आणि मी? मला गोठ्यात टांगले. म्हशीच्या डोक्यावर.

मित्रांनो, म्हैस कधी वर पाहत नाही. मी कितीही जीव तोडून फिरलो तरी ती शेपूटच हलवणार. गोठ्याच्या खिडकीतून मला थेट माझी जुनी खोली दिसे. तिथे तो होता. पांढरा शुभ्र, सडपातळ, कुठे आवाज नाही, की डुलणे नाही. गादीवर बसल्या बसल्या बटण दाबले की वेग बदलणारा! पहिल्या दिवशी छकुली त्याच्याखाली रडली, तेव्हा मी मनात पेढे वाटले. रडेलच! खट्‌-खट्‌ कुठून आणणार तो? दुसऱ्या दिवशीही थोडी कुरकुरली. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्याकडे पाहून ती खुदकन हसली. ते हसू माझ्या हक्काचे होते. मी खिडकीतून पाहत राहिलो आणि नुसता धुमसत राहिलो. त्याची तार तुटावी, त्यात पाल शिरावी, असे काय काय चिंतले ते सांगत नाही.

शहाणपण एकट्या वच्छलाबाईने केले असते तर खपले असते. पण ती युक्ती विहिरीवर एकीने दुसरीला सांगितली आणि गल्लीभर झाली. सगळ्यांनी मोडके पंखे संस्थेत दिले, नवे घरात लावले, आणि जुने गोठ्यात, पडवीत, कापसाच्या खोलीत फिरू लागले. वीज वाचायची सोडून वाढलीच.

मे महिन्यात एका दुपारी सातपुड्याकडून भट्टीसारखी झळ येत होती. गल्लीतले कूलर, नवे पंखे, जुने पंखे, सगळे एकदम चालू. कोपऱ्यावरच्या डीपीतून, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, धाडकन आवाज झाला, आणि मी थांबलो. खिडकीतून पाहिले, तर तोही थांबला होता.

काय सांगू, किती बरे वाटले! नव्याची ऐट उतरली. पण तेवढ्यात छकुलीचे रडणे ऐकू आले. नेहमीचे नव्हते ते. रडून रडून आवाज बसत चालला होता. पुष्पांजली तिला ओल्या फडक्याने पुसत होती, छातीला लावत होती, पुन्हा कपाळाला हात लावून पाहत होती. पोर टोमॅटोसारखी लाल झाली होती. माझा आनंद तिथेच विरला. मला तीन पाती होती आणि एकही हलवता येत नव्हते.

लाइनमनबरोबर अमीना आली. ती गल्लीतून गोठे पाहत पाहतच आमच्या गोठ्याच्या दाराशी पोचली.

"मावशी, हा तर तोच खादाड!"

"अवं, म्हशीले बी जीव हाय ना!"

"म्हशीले पाणी मारा, सावली करा. पण साऱ्या गल्लीतल्या म्हशी पंख्याखाली बसवल्या, तर तो डीपी कसा टिकन?"

तेव्हा पुष्पांजली पोरीला घेऊन दारात आली.

"माहीत असून मीबी गप्प राह्यली, आई. पण आता पाहा हिच्याकडे."

वच्छलाबाईने नातीच्या तापलेल्या गालाला हात लावला. मग माझ्याकडे वर पाहिले. "गोकुळ," ती म्हणाली, "काढ रे बाप्पा त्याले."

डीपी दुरुस्त होऊन वीज आली. छकुली नव्याखाली निजली आणि तिच्या अंगाची लाली हळूहळू उतरली. मी अंगणात पडून ते पाहत होतो. वच्छलाबाईने माझी पाती पुसली. मग बैल विकताना लावतात तसे तिने मला हळदकुंकू लावले आणि स्वतः मला संस्थेत घेऊन गेली. तिच्यामागे मंजुळाबाई निघाली, मग सगळी गल्ली. पाती वाकताना वच्छलाबाईने तोंड फिरवले.

आता मी संस्थेच्या आवारात जुन्या पंख्यांच्या ढिगात आहे. मत्सर गेला म्हणाल, तर नाही. नव्याला अजून कोणी कुंकू लावलेले नाही, हे आठवून मी रोज सुखावतो.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा पंखा आला तर जुन्याला चोरून राबवू नका. पुसून, मान देऊन निरोप द्या. आणि नव्याच्या पात्यांवर धूळ बसली की त्याचीही हवा पडते, म्हणून त्याला पुसत जा. वच्छलाबाई, पुष्पांजली, तुम्हालाही तेच सांगणे आहे. तो माझा वैरी आहे. पण त्याला पुसत जा, त्याच्याखाली छकुली झोपते.