धाकट्याची पट्टी

माझ्या हातून माप चुकत नाही, असं मी नऊ वर्षं सांगत आलो आहे. सुतारकामात असं म्हणणारा माणूस एक तर नवखा असतो नाहीतर खोटारडा, आणि मी नवखा नाही.

बाईंचा फोन आला तेव्हा मी एका टेबलाचं जुनं पॉलिश खरवडत होतो. नवीन कपाटं मी आता कमीच करतो. जुन्यांना नवं रूप देणं हाच धंदा.

"ओळखलंत का?" त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या कोनाड्यातलं कपाट. तुम्ही आणि तुमच्या भावानं केलं होतं."

ओळखलं नाही तर काय! ज्या घरावरून जायला नको म्हणून मी नऊ वर्षं दोन गल्ल्यांचा वळसा घालतो, ते घर विसरेन होय? म्हणालो, मला वेळ नाही. त्या म्हणाल्या, थांबते. म्हणालो, दुसरा चांगला माणूस देतो.

"दुसरा नको. तुम्हीच या. महिनाभर झाला, ते कपाट वाजतंय."

"वाजतंय म्हणजे?"

"दुपारी तीनच्या सुमाराला. टक टक, जरा थांबून टक. कोणी दार वाजवावं तसं."

ती टकटक माझ्या ओळखीची होती. तोंडानं मात्र म्हणालो, "लाकूड आहे बाई ते. फुगतं, आक्रसतं. त्यात काय एवढं!" आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगून बसलो.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आमचा कारखाना घराखालीच, दोघांचा मिळून. त्याचं आकड्यांशी कधी जमलं नाही, त्यामुळे तो टेप वापरायचाच नाही. माणसाहून उंच, बोटभर रुंद अशी एक लाकडी पट्टी घ्यायचा, जागेवर धरायचा आणि भिंत जिथं संपेल तिथं चाकूनं खाच पाडायचा. "यात चुकायला आकडाच नाही, दादा," म्हणायचा. लाकूडबाजारात सगळे त्याला 'पट्टी' म्हणत. नाव मीच पाडलं होतं. काम झालं की तो बोटाच्या पेरानं कपाटावर वाजवायचा, टक टक, जरा थांबून टक. घराचं दारही तसंच. आई म्हणायची, "याला हाक मारायला नकोच, हातच सांगतो कोण आलंय ते."

मी टेपवाला. टेपचं टोक झिजून हलायला लागलं की माप शून्यापासून न धरता दहाच्या रेघेपासून धरायचं आणि शेवटी दहा सेंटिमीटर वजा करायचे, अशी माझी सवय. वजा करायचे लक्षात राहिले तर सवय चांगलीच आहे.

बाईंचं कपाट कोनाड्यात बसेना. बरोबर दहानं जास्त. बाई, त्यांचे यजमान, मदतीला आलेले दोन शेजारी, सगळे बघत उभे. त्या सगळ्यांसमोर मी धाकट्यावर खापर फोडलं. "साधं माप घेता येत नाही याला! काठ्या घेऊन हिंडतो!"

तो म्हणाला, "दादा, माप तू दिलंस." एवढंच म्हणाला. मी इतका ओरडलो की शेजाऱ्यांनी काढता पाय घेतला. मग तिथंच कपाट कापलं. रागाच्या भरात दोन बोटं जास्तच कापलं गेलं, म्हणून भिंतीलगतची फट झाकायला एक उभी फळी ठोकली. उजवं दार डाव्यापेक्षा अरुंद झालं ते झालंच. संध्याकाळी धाकट्यानं सगळी हत्यारं माझ्या पिशवीत नीट लावून ठेवली आणि तो निघून गेला.

आईनं माझी बाजू घेतली. मोठा खोटं कशाला बोलेल? "आधी दादाची माफी माग, मगच घरात ये," असं तिनं त्याला फोनवर सुनावलं. तो मानी. तीन आठवडे फिरकला नाही.

मग एकदा आला. दुपारचे तीन वाजले होते, आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. टक टक. टक. मी दाराच्या अलीकडे दोन पावलांवर, हातात पाण्याचा पेला घेऊन उभा. मी दार उघडलं नाही. आलाय माफी मागायला, राहू दे जरा ताटकळत, असं मला वाटलं. लाज वाटते, पण वाटलं ते असं वाटलं.

दारापलीकडून तो म्हणाला, "दादा, त्या कपाटाच्या फटीत माझी पट्टी ठेवलीय. एकदा बघून ये. मग बोलू आपण." पुन्हा एकदा वाजवलं. मग पावलं जिना उतरून गेली.

दुसऱ्याच दिवशी, तो नव्यानं लागला होता त्या कारखान्यात, प्लायवुडची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली आणि तो जागीच गेला.

तो दारात येऊन गेला हे मी कोणालाही सांगितलं नाही, आईला तर नाहीच. ती अजून मधूनच म्हणते, "चुकला तर चुकला, निदान यायला तरी हवं होतं त्यानं." पट्टी बघितली नाही तोवर चूक कोणाची हे नक्की कुठं ठरलंय, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. म्हणून ते कपाट मला नको होतं.

बाईंना कपाट राखाडी करून हवं होतं. अस्सल सागवान, त्यावर राखाडी रंग! पण हल्ली सगळ्यांना तेच हवं असतं, आपण कोण बोलणार? मी दारं उतरवली, बिजागऱ्या डब्यात टाकल्या, पॉलिश सुटायचं द्रावण लावून पातं फिरवायला घेतलं. तपकिरी राड निघत गेली आणि खालून धाकट्याचा हात दिसायला लागला. मी कडा धारदार ठेवतो. तो प्रत्येक कड कागदानं जराशी मोडायचा, बोटाला लागू नये म्हणून. आतल्यासुद्धा, मागच्यासुद्धा, जिथं कोणाचं बोट जन्मात जाणार नाही तिथल्यासुद्धा. मला भडभडून आलं. बाईंनी ठेवलेला चहा तसाच निवला.

तीन वाजले.

टक टक. टक.

त्या उभ्या फळीच्या मागून. बाई लगबगीनं आल्या. "ऐकलंत ना? मला वेड लागलं नाहीये ना?"

"फटीत काहीतरी सुटं आहे," मी म्हणालो. "वाऱ्यानं आपटतं."

खिडकी बंद होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं आणि तो विषय सोडून दिला.

पटाशीनं फळी उचकटली. पट्टी फटीत उभी होती, अंगावर धूळ. ती बाहेर घेतली आणि ओल्या फडक्यानं पुसली. एका ठिकाणी त्याची खाच होती, चाकूची, बारीक आणि सरळ. त्या खाचेवर लाल पेन्सिलीची फुली. तिथून बरोबर दहा सेंटिमीटर पुढं लाल जाड रेघ, आणि तिच्याशेजारी माझ्या अक्षरात, १४२.

स्टुलावर चढून मी ती पट्टी कपाटाच्या वर, कोनाड्याच्या तोंडाशी आडवी धरली. टोक डाव्या कडेला लावलं. खाच उजव्या कडेवर आली, केसाचाही फरक नाही.

मग सगळं आठवलं. कारखान्यात तो ही पट्टी घेऊन आला होता. "दादा, माझ्या मते इथवरच येतंय." मी कानावरची लाल पेन्सिल काढून त्याच्या खाचेवर फुली मारली होती. "ठेव ती काठी. मी टेपनं घेतलंय, एकशे बेचाळीस." हे मी विसरलो होतो की विसरायचं ठरवलं होतं, देव जाणे. सगळ्यांसमोर तो ही पट्टी काढून दाखवू शकला असता. माझी अब्रू झाकायला त्यानं ती फटीत सरकवली आणि वर फळी ठोकू दिली.

पट्टी घेऊन घरी गेलो. आई खिडकीशी बसून सदऱ्याला बटण लावत होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एका दमात, नाहीतर पुन्हा जीभ रेटली नसती. दहा वजा करायचे राहिले ते, लाल फुली, आणि शेवटी दार. "तो आला होता, आई. मी उघडलं नाही."

आईनं सुई कापडात टोचून ठेवली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी जागी होते."

मी खाली बसलो.

"दोनदा वाजवलं त्यानं. मीच म्हटलं होतं ना, माफी मागितल्याशिवाय यायचं नाही? मग आपण कसं उठायचं, असं वाटलं. म्हटलं, तू आहेस ना तिथं. तू उघडशील."

"मग 'यायला तरी हवं होतं' असं का म्हणायचीस गं?"

"तू कधीतरी सांगशील म्हणून."

त्यानंतर आम्ही दोघं खूप रडलो, नऊ वर्षांचं एकदम. पट्टी मी दाराशेजारच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. सव्वातीनला बाईंचा फोन आला. "आज वाजलं नाही हो कपाट! सुटले बाई." मी बरं म्हणून फोन ठेवला, आणि ठेवतोय तोच, टक टक. टक.

मी पट्टीकडे बघितलं. ती होती तिथंच, हललीसुद्धा नव्हती.

आईचे गुडघे दुखरे, एरवी दोन हाका मारल्याशिवाय उठत नाही. आत्ता माझ्याआधी उठली. आम्ही दोघं दारापाशी गेलो. मी कडी काढली.

दारात कोणीच नव्हतं. जिन्यावर ऊन पडलं होतं.

आई जरा बाजूला सरकली, एक माणूस आत यायला जागा लागते तेवढीच.

"ये," ती म्हणाली. "माप तुझंच बरोबर होतं."

मी दार लगेच लावलं नाही.