एकट्याचं हसणं

हसणं मी सेकंदांत मोजते. प्रत्येक शो फोनवर रेकॉर्ड करायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायचा आणि वहीत विनोदापुढे आकडा लिहायचा. दोन सेकंदांच्या खाली आला तर विनोद दुरुस्त करायचा, तीनदा खाली आला तर काढून टाकायचा. टाळ्यांचा रकाना वेगळा, कारण टाळ्या लोक सभ्यपणानेही वाजवतात. एकट्या माणसाचं हसणं मी धरत नाही. एकटा हसणारा बहुतेक वेळा ओळखीचा निघतो.

ही सवय प्रयोगशाळेतली. मी चार वर्षं पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासत होते. ती नोकरी सोडून माइकसमोर उभी राहिले त्याला आता नऊ वर्षं झाली. या धंद्यातले लोक मला 'मोजपट्टी' म्हणतात. रस्त्यावरचे लोक 'मोठ्या जाऊबाई' म्हणतात, कारण सहा वर्षं मी एका मालिकेत मोठी जाऊ आहे. मालिकेत मी कट रचते, शोमध्ये आईबद्दल बोलते.

आईचा भाग चौदा मिनिटांचा, नेहमी शेवटी. त्यातलं सगळ्यात चालणारं वाक्य नोकरी सोडल्याच्या दिवसाचं आहे. मी घरी येते, आईला सांगते की नोकरी सोडली, आता लोकांना हसवणार. आई हात पुसते, शांतपणे म्हणते, "ठीक आहे. पण शेजाऱ्यांना आपण सांगू, तू आजारी आहेस."

सात सेकंद. मग मी म्हणते, "तेव्हापासून आमचा जिना मी खोकत चढते." आणखी चार.

हा भाग लोकप्रिय झाला तेव्हा जिन्यात शेजारीण आईला विचारायची, "काय हो, बरं आहे का आता मुलीला?" आई पिशवी खाली ठेवून म्हणायची, "नाही हो, वाढलंय. आता टीव्हीवरपण दिसतं." हे तिचं स्वतःचं. मी ते उचललं. पाच सेकंद.

पाच आठवड्यांपूर्वी आई गेली. सकाळी साडेनऊला, दवाखान्यात, मी पार्किंगमध्ये जागा शोधत असताना. मी रडले नाही. वाट पाहिली, पण काही आलं नाही. चौथ्या दिवशी मालिकेचं शूटिंग होतं आणि योगायोगाने सासऱ्यांच्या मरणाचा प्रसंग होता. मेकअपच्या ताईंनी डोळ्यांखाली ग्लिसरीन लावताना विचारलं, "आज तरी लावू का हे?"

"लावा," मी म्हटलं. "आज तर जरा जास्तच लावा."

शॉट झाल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "छान. फक्त थोडं कमी रडा. जाऊबाईंना त्यांची इस्टेट हवीय."

मी कमी रडले.

तासाभराच्या माझ्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आई जाण्याआधीच ठरलं होतं. असं चित्रीकरण एकाच दिवशी दोन शोंचं करतात. तेच कपडे, तेच बोलणं, प्रेक्षक वेगळे. मग दोन्हींतलं चांगलं चांगलं जोडून एक शो बनवतात. बघणाऱ्याला कळत नाही. शनिवारी एकदा चारला आणि एकदा सातला.

त्या आठवड्यात मी बाबांकडे राहत होते. बाबा वजनकाटे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेत. मंगळवारी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आईची औषधं वेगळी करत होते. न फोडलेल्या पट्ट्या एका बाजूला, अर्ध्या दुसऱ्या बाजूला. मान वर न करता म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा ना."

"ते तू सांगतेस ते. आजारी आहेस असं सांगू, ते. ती खरंच तसं म्हणाली होती?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

"मी त्या दिवशी दौऱ्यावर होतो," बाबा म्हणाले. "घरी तुम्ही दोघीच. मला ते नंतर ऑफिसातल्या एकाने फोनवर दाखवलं. सगळे हसत होते. मीपण हसलो. घरी आलो आणि तिच्यावर ओरडलो. म्हटलं, पोरगी एवढं धाडस करून सांगायला येते आणि तुला शेजारीपाजारी सुचतात? लाज वाटते तुला तिची?"

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणाले असेन." त्यांनी एक पट्टी उलटी करून तारीख वाचली. "चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मीठसुद्धा मागितलं नाही. उठून घ्यायचो. तर ते मला नक्की कळलेलं बरं. म्हणाली होती की नव्हती?"

"आठवून सांगते," मी म्हटलं.

"आठवून?" बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "अगं, रोज तर सांगतेस."

तीच तर अडचण होती. हे चारशेवर वेळा सांगून झालं होतं. आईचे ओले हात, ती हात पुसते ते, वाक्याआधीचं थांबणं, सगळं मला स्वच्छ दिसत होतं आणि ते सगळं स्टेजवरचं होतं. तिथे हात पुसायचे ते मी ठरवलं होतं. त्या वेळात प्रेक्षक श्वास घेतात. त्या सगळ्याच्या मागे काय होतं हे पाहायला गेले तर काहीच नव्हतं. पाण्याचा नमुना एकदा आटवला की मूळचं पाणी परत मिळत नाही. मी तर नमुन्याची बाटलीही ठेवली नव्हती.

पण रेकॉर्डिंग ठेवली होती. सगळी, तारखेसह.

बुधवारी आणि गुरुवारी मालिकेला सुट्टी होती. मी जुने तीन फोन काढले, चार्जर शोधले आणि मागे मागे गेले. शंभराव्या शोमध्ये वाक्य आजच्यासारखंच. सव्विसाव्यात 'आजारी' पहिल्यांदा येतं. एकोणिसाव्यात आई म्हणते, "शेजाऱ्यांना काय सांगायचं?" दोन सेकंद. अकराव्यात म्हणते, "मग लोकांना काय सांगू?" एक. प्रत्येक वेळी मी थोडं थोडं सरकवलं होतं, हसू ज्या बाजूला आहे त्या बाजूला. कुठल्याही एका दिवशी मी खोटं बोलले नव्हते.

सातवा शो फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये झाला होता, नोकरी सोडल्यानंतर अकराव्या दिवशी. माझा आवाज चिरका, घाईचा. "मी आईला सांगितलं, नोकरी सोडली, आता मी विनोद सांगणार. तर आई म्हणाली, मग उद्यापासून तुला डबा किती वाजता लागेल?"

मग शांतता. खुर्ची सरकल्याचा आवाज. कोणीतरी दार उघडलं. मी पुढच्या विनोदाकडे वळले.

आठव्या आणि नवव्या शोमध्ये तेच वाक्य, अक्षर न बदलता. दोन्ही वेळा शून्य. दहाव्यात नाही.

मी शंका घेऊन पाहिली. सातव्या शोआधीही मी ते बदललं असू शकेल. पण हसू न येणारं वाक्य कोणी रचत नाही. आणि आई रोज पावणेआठला माझा डबा भरायची. तिला पडलेला प्रश्न खरा होता. वेळ बदलली तर तिला तिचं सगळं गणित बदलावं लागणार होतं.

नंतर आई शोला यायची. तिसऱ्या रांगेत बसून, आपण कधी न बोललेलं वाक्य आपल्या तोंडी ऐकायची आणि हसायची. बाहेर लोक विचारायचे, "खरंच असं म्हणालात?" आणि ती म्हणायची, "म्हणाले ना." बाबांनाही तिने तेच सांगितलं. चार दिवस.

गुरुवारी संध्याकाळी मी बाबांना काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते चार दिवस त्यांच्यावर येणार. नाही सांगितलं तर मुलीची लाज वाटलेली बाई म्हणून आई तशीच राहणार, आणि शनिवारनंतर ते कायमचं. दोन्ही बाजू समोर मांडून बसले. काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ आपला आहे हे हात लावून बघावं लागतं, तसं होतं.

शुक्रवारी बाबा म्हणाले, "आठवलं?"

"उद्या चारच्या शोला या," मी म्हटलं.

"सातच्या नको? चारला माझं पडायचं असतं."

"चारच्याच."

थिएटर लहान होतं, खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या. शो चांगला चालला. दिव्यांमुळे मला पहिल्या रांगेपलीकडचं दिसत नव्हतं, पण तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची बाबांची आहे हे माहीत होतं. बावन्नाव्या मिनिटाला मी नोकरी सोडली, घरी आले, आईला सांगितलं. हात पुसले नाहीत.

"आई म्हणाली, मग उद्यापासून तुला डबा किती वाजता लागेल?"

लोक पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. मी थांबले. मग त्यांना कळलं की संपलं. मी जिन्यातल्या खोकल्याकडे गेले, पण आजारपणाशिवाय खोकल्याला अर्थ नव्हता, तोही पडला. शेवटच्या तीन मिनिटांत मी त्यांना परत आणलं. ते जमतं मला.

मेकअपच्या खोलीत बाबा आधीच येऊन बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी काही बोलायच्या आत चित्रीकरणाचा दिग्दर्शक दारातून डोकावला. "काय झालं हो तिथे? वाक्य विसरलात? हरकत नाही, सातच्यात आहेच. तिथे नीट घ्या, तेच लावू." बाबांकडे पाहून त्याने मान हलवली आणि तो गेला.

बाबा आरशाकडे बघत होते. आरशाभोवती बल्ब होते, त्यातला एक गेलेला.

"म्हणजे डबा," ते म्हणाले.

"हो."

"लाज वगैरे काही नाही."

"नाही. ते मी लिहिलं."

"मग मला सांगायचं ना तिने!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "म्हणाले असेन, म्हणे. असेन!"

"बाबा, चूक माझी आहे."

"तुझी आहेच." त्यांनी आरशावरून नजर काढली. मग म्हणाले, "तू काय म्हणालीस?"

"कशाला?"

"तिने विचारलं ना, डबा किती वाजता. तू काय सांगितलंस?"

माझ्या डोक्यात तीन उत्तरं आली. दोन चांगली होती. एकावर निदान चार सेकंद मिळाले असते. रेकॉर्डिंगमध्ये माझं उत्तर नव्हतं.

"आठवत नाही," मी म्हटलं.

बाबांनी मान डोलवली. एखाद्या काट्याचं माप बरोबर आलं की ते अशीच डोलवायचे. उठताना खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, "सातला जुनंच म्हण."

"का?"

"तीपण तेच सांगायची. जिन्यात, दुकानात, सगळीकडे. भांडी घासताना एकटीच म्हणून बघायची. कुठे थांबायचं ते." त्यांनी टोपी घातली. "मी घरी जातो. दोनदा नाही ऐकवत."

सातला मी जुनंच म्हटलं. हात पुसले, थांबले, शेजाऱ्यांना आपण सांगू. हॉलभर हशा कोसळला. जिन्यात खोकले. टीव्हीवरपण दिसतं. दिग्दर्शकाने विंगेतून अंगठा वर केला. कार्यक्रमात तेच लागणार.

रविवारी सकाळी बाबांच्या टेबलाशी बसून मी दोन्ही शो ऐकले. बाबा आंघोळीला गेले होते. सातच्या शोपुढे लिहिलं : आठ सेकंद. आजवरचं सगळ्यात जास्त.

मग चारचा लावला. डबा किती वाजता लागेल. चार सेकंद शांतता. आणि पाचव्या सेकंदाला, डाव्या बाजूने, थोडं लांबून, एक माणूस हसला. छोटंसं, नाकातून सुटलेलं. ओळखीचं माणूस अचानक समोर आलं की सुटतं तसं. दिव्यांमागून मला ते ऐकू आलं नव्हतं. सेकंदापेक्षा थोडं जास्त.

मी परत लावलं. परत ऐकलं. तिसऱ्या रांगेची कडेची खुर्ची डाव्या बाजूलाच होती.

एकट्याचं हसणं मी धरत नाही. रकान्यात शून्य लिहिलं. बाथरूममधला नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी तेवढाच भाग पुन्हा मागे घेतला आणि लावला.