गाडी बाहेर ठेवली तरी चालेल

फिल्मवाल्याने तारेचा ब्रश त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "घासा."

टेबलावर एका जुन्या गाडीचं काळं बॉनेट ठेवलं होतं. अर्धं उघडं, अर्ध्यावर गाडीचा रंग जपणारी ती पारदर्शक फिल्म. त्याने फिल्मवर ब्रश नुसता टेकवल्यासारखा केला.

"गुदगुल्या काय करता साहेब? शत्रूची गाडी समजून घासा."

त्याने दाबून घासलं. करकर आवाज झाला, पांढऱ्या रेघा उमटल्या. फिल्मवाल्याने किटलीतलं गरम पाणी त्यावर ओतलं. रेघा हळूहळू विरल्या आणि बॉनेट पुन्हा आरशासारखं लखलखीत झालं. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. तोंड पडलेलं होतं.

"आणि उन्हाचं काय?" मागून बायकोने विचारलं. ती दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसली होती.

"तळपू दे की ऊन."

"धूळ? पक्ष्यांची घाण?"

"वहिनी, पक्ष्यांनी वर सभा भरवली तरी रंगाला काही होत नाही. वेळच्या वेळी धुवायची, बस्स. गाडी बाहेर ठेवली तरी चालेल."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "बाहेर ठेवली तरी चालेल."

त्याने ऐकलं होतं. न ऐकून सांगतो कुणाला?

"पिवळी पडते म्हणे ही," तो म्हणाला.

"हलकी पडते. ही नाही. लेखी गॅरंटी देतो."

"कडा सुटतात."

"आमच्या सुटत नाहीत. कडा आत वळवतो आम्ही."

"गाडीची मूळ चमक जाते."

"साहेब," फिल्मवाला हसत म्हणाला, "गिऱ्हाइकं माझ्याशी भाव पाडून घ्यायला भांडतात. तुम्ही तर फिल्म नापास करायलाच आल्यासारखे बोलताय."

चोराच्या मनात चांदणं. त्याने ब्रश टेबलावर ठेवला, हात पँटला पुसले आणि "विचार करून सांगतो" असं म्हणून तो बाहेर पडला.

गाडी दाराशीच उभी होती. लाल, बुटकी, जमिनीला पोट टेकवून बसलेली. दोन माणसांची जागा, आणि दुसऱ्या माणसानेही अंग चोरूनच बसायचं. बायको दार उघडून आत शिरली, गुडघे पोटाशी घेतले आणि समोर बघत म्हणाली, "घेताना विचार केला नाहीत. भिंत पाडताना केला नाहीत. आता बरा विचार सुचतोय."

"तू तेव्हा काही बोलली नाहीस."

"नाही बोलले. गप्प बसले. त्यात माझाही वाटा आहे, नाही म्हणत नाही मी. म्हणून तर आता बोलतेय."

त्याने गाडी सुरू केली. इंजिनच इतकं बोलत होतं की माणसाने बोलायची गरज पडत नव्हती. गाडी घेण्यामागे तेही एक कारण असावं.

त्याच्या घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडची खोली आईची होती. आईला जिना चढवत नव्हता, म्हणून खोली तिची. मग ही गाडी आली. एवढी महागाची वस्तू उघड्यावर कशी ठेवायची? त्याने आईला सांगितलं की भिंतीला ओल आलीय, दुरुस्ती काढावी लागेल, धूळ तुला सोसणार नाही, महिनाभर ताईकडे जा. आई गेली. रस्त्याकडची भिंत पाडून तिथे शटर बसलं. तो महिना संपलाच नाही. त्याला दोन वर्षं झाली. ओल कधी आलेलीच नव्हती. बांधून झाल्यापासून ती भिंत हाडासारखी कोरडी होती, आणि हे फक्त त्याला आणि ती पाडणाऱ्या गवंड्याला माहीत होतं.

त्याने शटर वर सरकवलं आणि गाडी आत घेतली. दिवा लागला. दिव्याचं बटण कमरेच्या उंचीवर होतं, कारण आईचा हात वर जात नसे. आतल्या बाथरूमशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा होता, तिला धरून उठायला. तो त्यानेच बसवला होता, दोनदा लोंबकळून बघून. आता त्यावर गाडी पुसायची मऊ फडकी वाळत होती, रंगांप्रमाणे लावलेली. आणि कोपऱ्यात पलंगाच्या डोक्याशी जिथे होतं तिथेच बेलचं बटण होतं. रात्री काही लागलं तर आईने दाबायचं, वर घंटी वाजायची. ते काढायचं राहून गेलं होतं. दार उघडताना गाडीचा आरसा त्याला लागू नये म्हणून तो रोज अंग वाकडं करून उतरत असे.

फोन वाजला. ताईचा.

"माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली," ताई म्हणाली. नमस्कार-चमत्काराची भानगड तिने केव्हाच सोडली होती. "पुढच्या महिन्यात. मग दीडेक महिना मलाच कुणीतरी उठवायचं. मी आईला उठवणार की आई मला?"

"बघतो ना ताई."

"बघून झालं रे तुझं. दोन वर्षं बघतोयस. दुर्बीण घेऊन देऊ का?"

"जागेचा प्रश्न..."

"जागेचा प्रश्न गाडीचा आहे की आईचा?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण ताईचा आवाज स्पीकरचा मिंधा नव्हता. गाडीतून उतरणाऱ्या बायकोने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "ताई, आम्ही आणतोय आईंना. गाडी बाहेर ठेवतोय. ह्यांनी फिल्म लावायची ठरवलीय."

असं ते ठरलं. गाडीला फिल्म लावायची की नाही हा प्रश्न मनुष्यजातीच्या वाट्याला येणाऱ्या प्रश्नांत फार वरचा नसावा. पण त्या रात्री तो कूस बदलत राहिला. फिल्म नव्हती तोवर त्याच्याकडे एक कारण होतं. कारण खोटं असलं तरी ते भिंतीसारखं उभं होतं. आता कुणीतरी तीही पाडत होतं.

गाडी दुकानात गेली. तिथे ती धुतली, पुसली, उजेडाखाली तपासली. फिल्मवाला पाणी फवारून फिल्म अंथरायचा आणि रबराच्या पट्टीने एकेक बुडबुडा कडेला ढकलत न्यायचा. हा रोज संध्याकाळी जाऊन काचेबाहेरून बघत बसे. इकडे घरी बायकोने खोली घासून काढली. शटरला आतून जाड पडदा लावला, भिंत नंतर बांधू म्हणाली. पलंग माळ्यावरून उतरवला. त्याला तिने कशालाच हात लावू दिला नाही. "तुम्ही तुमच्या लाडकीकडे जा," म्हणाली.

गाडी घरी आली आणि पहिल्यांदा उघड्यावर, दारासमोर उभी राहिली. आईला आणायचा दिवस उजाडला.

"माझी गाडी घेऊन जा," बायकोने आपल्या किल्ल्या पुढे केल्या. "तुमच्या त्या घसरगुंडीत त्या बसणार कशा?"

"बसेल गं. तिला एकदा फिरवायची राहिलीच आहे." आणि तो लाल गाडी घेऊन निघाला. आपण असं का करतोय हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. पण ठाऊक असलेला माणूस जितक्या घाईने निघतो, तितक्याच घाईने तो निघाला.

ताईचं घर म्हणजे दीड खोली. आईचा पलंग खिडकीशी, आणि ताईची वळकटी त्याच पलंगाखाली सरकवलेली. आईने खिडकीतून गाडी बघितली आणि पदर तोंडाला लावला.

"गुंड्या, ह्यात बसायचं की झोपायचं रे?"

बटणाएवढा जन्मला म्हणून गुंड्या. आता पोटावरचं बटण लागत नव्हतं, तरी गुंड्याच.

"मी आणि ताई धरून बसवतो की."

"बसेन रे. उतरवायला क्रेन बोलाव." आई हसली, तोही हसला. ताई हसली नाही. ती आत जाऊन भांडी घासू लागली.

आईच्या पायाशी पिशवी भरून ठेवलेली होती. वर चष्म्याचं घर, त्याच्यावर कंगवा.

"चल मग," तो म्हणाला. "घरी."

आईने पिशवीचा बंद जरा सारखा केला. मग विचारलं, "ओल गेली का रे भिंतीची?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

तो आईकडे बघत होता. तिच्या डोळ्यांत टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मुलाला पावसात भिजलास का विचारावं, तसं तिने विचारलं होतं.

"गेली," तो म्हणाला.

"बरं झालं. मग गाडी कुठे ठेवणार?"

"बाहेर. फिल्म लावलीय तिला. काही होत नाही."

"उन्हात?"

"हो."

आई त्याच्या हाताकडे बघत होती. हातात किल्ली होती आणि अंगठा तिच्यावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, तान्ह्याच्या टाळूवरून फिरावा तसा.

"राहू दे," आई म्हणाली. "मी इथेच बरी. ह्या खिडकीची सवय झालीय मला."

आता, पहिलं 'नाही' हे नाही नसतंच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ती नुसती लोटलेली कवाडं असतात, कडी न घातलेली. एकदा हात लावायचा असतो. 'असं कसं आई, चल,' एवढंच म्हणायचं असतं. त्याने तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी छातीतून श्वास सुटला. मोकळा, लांबलचक. त्याचा त्यालाच ऐकू आला. आईलाही ऐकू आला असणार, कारण तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, "जा बाबा. ऊन चढतंय. तापेल ती."

दारापर्यंत ताई आली. ओल्या हातांनी.

"तिलाच यायचं नाही, तर मी काय..."

"विचारलंस ना तू?" ताई म्हणाली. "झालं मग."

तिने दार आपटलं असतं तर त्याला चाललं असतं. तिने ते हळूच लावून घेतलं.

घरी पोचला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. त्याने गाडी बाहेर उभी केली. उतरून बघतो तर बॉनेटवर एका पाखराने आपलं काम उरकलेलं. फडकं आणायला तो शटरखालून वाकून आत गेला, पडदा बाजूला केला आणि सवयीने दांड्याकडे हात नेला.

दांड्यावर फडकी नव्हती. दांडा पुसून लख्ख केलेला होता.

पलंगावर चादर अशी ताणून घातली होती की चुणी सापडू नये. उशाशी झाकण ठेवलेलं तांब्याभांडं. खाली निसरडं होऊ नये म्हणून खरबरीत पायपुसणं, आणि चपलांसाठी रिकामी सोडलेली जागा. तो पलंगाच्या कडेला बसला. चुणी पडली. इथून खोली केवढी मोठी दिसत होती! गाडीत बसून त्याने ती कधी अशी बघितलीच नव्हती.

हात टेकायला तो भिंतीकडे कलला आणि बोटाखाली बेलचं बटण आलं.

वर घंटी वाजली.

"आले हं आई, आले!" वरून बायकोचा आवाज आला, धावतपळत, आनंदलेला. "चहा टाकलाय! उठू नका तुम्ही, मी आलेच खाली!"

जिन्यावर पावलं वाजू लागली. त्याने बटणावरचं बोट उचललं नाही.