पिवळं भांडं

रेयोने सायकल आर्वोच्या कुंपणाला टेकवली, कॅरिअरवरचा कॉफीचा पुडा काढला आणि परत तिथेच अडकवला. मग पुन्हा काढला. खिडकीतून आर्वो हे सगळं बघत होता आणि तो बघतोय हे रेयोलाही दिसत होतं. आता मागे फिरणं म्हणजे आणखी हसं करून घेणं. तो पायऱ्या चढला.

आर्वोने दार उघडलं. ये म्हणाला नाही, का आलास असंही विचारलं नाही. नुसता बाजूला झाला आणि कॉफीचं आधण ठेवायला वळला.

दोघं एका वर्गात शिकलेले, एकाच कागद गिरणीतून निवृत्त झालेले. तळ्याकाठच्या गावकीच्या सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढायच्या लाकडी खोलीत, दर शनिवारी एकाच फळीवर बसून त्यांनी उभा जन्म घाम गाळला होता. तिथे बाहेरच्या खोलीत प्रत्येकाच्या नावाची खुंटी आहे. माणसं कपडे खुंटीला लावतात आणि नागवी आत जातात. त्यात कुणाला काही वाटत नाही. कंबरेला काही गुंडाळून कुणी आत बसलं, तर मात्र सगळे वळून बघतात.

गेल्या वर्षी आर्वोचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि त्याला लघवी आवरेनाशी झाली. तरी तो सौनात आला, टॉवेल घट्ट गुंडाळून. उठला तेव्हा फळी ओली होती, आणि ते पाणी घामाचं नव्हतं. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या शनिवारी रेयोने नातवाचं शी-शूचं पिवळं प्लास्टिकचं भांडं आणलं आणि आर्वोच्या खुंटीला टांगून ठेवलं. सगळे पोट धरधरून हसले. आर्वोही हसला. भांडं काखोटीला मारून तो घरी गेला, तो पुन्हा सौनात फिरकला नाही.

रेयोला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट हिवाळ्यात त्याची स्वतःची तपासणी झाली, प्रोस्टेटमधून सुईने काढलेले तुकडे स्वच्छ निघाले, तेव्हा त्याने भर सौनात फुशारकी मारली होती, की इथला माल अस्सल आहे, गळका नाही.

आर्वोने कप पुढे सरकवला आणि समोर बसला. रेयो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"माझे तुकडे पुन्हा काढायचे म्हणतात," तो अखेर म्हणाला.

"स्वच्छ होते ना?"

"दिसायला स्वच्छ. आतून शिक्के बसलेत म्हणे."

मग त्याने अडखळत सगळं सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोनदा समजावलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी धडधाकट दिसतात, पण त्यांच्या डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक शिक्के आहेत, आणि ज्या जनुकांनी गाठीला आवर घालायचा त्यांचीच तोंडं त्या शिक्क्यांनी बंद केली आहेत. सुई गाठीला न लागता बाजूने गेली असेल, पण जवळपास कॅन्सर असला तर शेजारच्या चांगल्या पेशींवरही असे शिक्के उमटतात. म्हणून पुन्हा बघायचं. रेयोने सर्दीची थाप मारून एकदा तारीख पुढे ढकलली होती. नवी तारीख मंगळवारची होती.

"माझ्या वेळी इतकं बघितलं नव्हतं," आर्वो म्हणाला. "कॅन्सर निघालाच तरी शिक्क्यांवरून कळतं म्हणे, तो कितपत दांडगाई करणार ते. कदाचित तुला कापणारही नाहीत. घाबरलायस?"

"हो."

"आणि?"

रेयोला त्या 'आणि'चा अर्थ बरोबर कळला. मान वळवायची म्हणून त्याने खिडकीकडे पाहिलं, तर तिथे उन्हात ते पिवळं भांडं ठेवलेलं. त्यात कांद्याची हिरवीगार पात तरारून आली होती. रेयोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कॅन्सरची त्याला भीती वाटत होती. लाज वाटत होती ती स्वतःची, आणि ती भीतीपेक्षा जड होती.

"आर्वो, ते भांडं..."

"पात झकास येते त्यात. खाली भोकं पाडली मी," आर्वो म्हणाला. "आता तेही गळतं."

तो हसला नाही. रेयोलाही हसता आलं नाही.

रेयोने कॉफी संपवली आणि विचारलं, की भूल दिल्यावर गाडी चालवू देत नाहीत, तर तू नेशील का. सिर्का का नेत नाही, असं आर्वोने विचारलं, तेव्हा बायकोलाही अजून पत्ता नाही हे कबूल करावं लागलं.

"आधी तिला सांग. मंगळवारी सकाळी गाडी घेऊन येतो."

रेयो उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"ते मला दे."

आर्वोने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग एक जुनं पातेलं काढलं, पातीचा गड्डा मातीसकट त्यात बसवला आणि भांडं नळाखाली धरून स्वच्छ धुतलं. पुसायला मात्र फडकं रेयोच्या हातात दिलं.

संध्याकाळी त्याने सिर्काला सांगितलं. ती बटाटे सोलता सोलता थांबली, सुरी खाली ठेवून त्याचा हात धरून बसली, आणि मग इतके दिवस गप्प बसल्याबद्दल तिने त्याला जे झापलं ते जेवण होईपर्यंत.

शनिवारी तो सौनात सगळ्यांच्या आधी पोचला. माणसं जमली तेव्हा त्याच्या स्वतःच्या नावाच्या खुंटीला, त्याच्या शर्टावर, ते पिवळं भांडं लटकत होतं. पेंटी नावाच्या गड्याला हसू आवरेना.

"आता हे कुणासाठी रे?"

"माझ्यासाठी," रेयो म्हणाला. "मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. माझं काही स्वच्छ नव्हतं."

पेंटीचं हसू ओठांवरच विरलं. कुणी बुटाची नाडी सोडू लागलं, कुणी उगाच खाकरलं. रेयो आत गेला, वरच्या फळीवर आपल्या जागी बसला आणि शेजारी टॉवेलची घडी ठेवली. पेंटी मागोमाग आला, तो त्याच जागेवर टेकू लागला.

"तिथे आर्वो बसतो," रेयो म्हणाला.

"तो येणार आहे?"

"माहीत नाही," रेयो म्हणाला, आणि पळी भरून दगडांवर पाणी ओतलं.