उसनी पावलं

शिवणयंत्राचा आवाज थांबला, की त्या घरात सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई. आई सकाळी यंत्राला बसे ती दिवेलागणीलाच उठे. मधलं उठणं स्वयंपाकघरापुरतं. घराघरांत अशी एक बाई असते, जिच्या दमण्याला कुणी दमणं म्हणत नाही.

ही आई मात्र एका मोठ्या अभ्यासात सामील होती. बायकांचं खाणं, झोप, चालणं आणि त्यांना पुढे जडणारे आजार यांचा संबंध शोधायला दवाखान्यातली मंडळी वर्षानुवर्षं त्याच बायकांची विचारपूस करत. यंदा त्यांनी आठवडाभर मनगटावर बांधायला पावलं मोजणारा पट्टा दिला होता. आईनं तो पहिल्याच सकाळी मुलाच्या हातावर चढवला. मुलगा पायी फिरून कुरिअर वाटायचा. बोलणं मोजकं, म्हणून घरात त्याला ‘मौनी’ म्हणत.

“आठवडाभर हा घालून हिंड बाबा. माझ्या हातावर तो नुसता झोपा काढेल.”

“आई, तुझं चालणं मोजायला दिलाय तो.”

“मग तू काय शेजाऱ्यांचा आहेस?”

बाबा हसले. मौनीही हसला, आणि पट्टा घालून कामाला गेला.

पट्टा परत गेला. काही दिवसांनी दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला. “मावशी, तुमचं चालणं बघून डॉक्टर खूश आहेत. ज्यांची हालचाल कमी, त्यांना आधी हृदयाच्या तपासणीला बोलावतोय. तुमचा नंबर त्यात नाही.”

आई खुशीत होती. त्याच संध्याकाळी कापडाचं गाठोडं घेऊन जिना चढताना ती मध्येच ते पायरीवर टेकवून थांबली. मागून येणाऱ्या मौनीला दिसलं, तिचा एक हात कठड्यावर होता आणि दुसरा छातीवर.

“गाठ सैल झाली होती,” ती म्हणाली.

गाठ घट्ट होती.

त्या क्षणापासून मौनीच्या मनाला थारा उरला नाही. पाकीट एका दाराचं, घंटी दुसऱ्याची, असं होऊ लागलं. लोकांचे जिने चढताना वाटे, हे प्रत्येक पाऊल आपण आईच्या वाट्याचं चाललो. तिची तपासणी आपल्याच पायांनी तुडवली. अखेर त्यानं सिस्टरांना गाठून सारं सांगितलं. सिस्टर त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर घरीच आल्या.

“चुगली केलीस होय रे?” आई यंत्रावरून उठलीच नाही. “सिस्टर, तुमच्या अभ्यासात हजारो बायका. माझ्या एका पट्ट्यानं असं काय बिघडलं?”

“त्यांतल्या किती जणींनी पट्टा दुसऱ्याच्या हातावर बांधला, कुणास ठाऊक. मावशी, तुमची सासरी असलेली लेक दिवसभर ऑफिसात खुर्चीत असते ना? उद्या ती विचारेल, सारखं बसून मला काही होईल का. आम्ही तुमची पावलं आणि तुमचा आजार शेजारी मांडू. आणि बसण्यानं काही होत नाही, असं तिला चुकीचं सांगू.”

“माझ्या लेकीला चुकीचं सांगाल?”

“आम्ही फक्त तोंड. सांगणाऱ्या तुम्ही.”

यंत्राचं चाक आईच्या हाताखाली थांबलं. स्वतःसाठी जी कधी हलली नाही, ती लेकीच्या नावानं हलली!

“दम लागतो,” ती हळूच म्हणाली. “वर्ष होत आलं. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं.”

“मला कधी बोलली नाहीस,” बाबा म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत? सिस्टर तरी वर्षातून एकदा विचारतात. त्यांनाही मी थापच मारली. बाई नुसती बसून असते, असं लोक म्हणतील, वाटलं.”

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता बाबाच आईला तपासणीला घेऊन गेले. रक्तवाहिनी अरुंद होत चालली होती, वेळेवर कळलं. औषधं सुरू झाली. रोज संध्याकाळी यंत्र बंद करून आई बाहेर पडू लागली, हळूहळू, थांबत थांबत. तेवढा वेळ चूल बापलेकांकडे आली. पहिले काही दिवस जेवण जेमतेम गिळण्याजोगं होतं, पण तक्रार करायला कुणालाच तोंड नव्हतं.

वाचकहो, वर्षानुवर्षांचं संशोधन आजार टाळायची वाट दाखवू शकतं, पण ती वाट बायकांच्या खऱ्या उत्तरांवरून जाते. आणि थकवा कबूल केल्यावर जिथं कमीपणा येत नाही, त्याच घरातली बाई खरं उत्तर देते. आज घरी गेल्यावर तिला विचारा, कशी आहेस. ‘मला काय झालंय’ असं ती म्हणेल. तेव्हा लगेच उठू नका. जरा वेळ तिच्याजवळ बसून राहा.