उपरण्याखालचा हात

बैलबाजारात दलाली करायची तर तोंड नसलं तरी चालतं, हात मात्र शहाणा लागतो. भाव कुणी ओरडून सांगत नाही. दोन दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून बोलतात. तळहातावर बोटांनी दोनदा ठोकलं की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही.

हे आमच्या आबांनी मला शिकवलं आणि मी माझ्या धाकट्या भावाला, रुपचंदला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तीच तर रडकथा. कारण त्याच हाताने तो पुष्पाबाईच्या तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा. दिवसा बाजार, रात्री फड. डोळे कायम तांबारलेले. घरी बायको प्रमिला, दोन लेकरं, आणि हा गडी जेवताना ताटाच्या काठावर बोटं नाचवणार. मी चिडायचो. फड पावसाळ्यात बंद, मग खायचं काय, ढोलकीचं कातडं? तो हसायचा. त्याच्या हसण्याने मला आणखी संताप यायचा.

एकाहत्तरच्या चैत्रातली गोष्ट. पारोळ्याला बाजार भरला होता आणि शेजारच्याच मैदानात पुष्पाबाईने कनात ठोकली होती. तिचा जुना ढोलकीवाला फड सोडून गेला होता. "कायमचा येतोस का, ते आजच सांग," असं तिने रुपचंदला सकाळी विचारलं. मी मध्ये पडलो. म्हटलं, आधी भिकुबाईचे बैल विकून दे, मग काय ते बोल.

भिकुबाई आमच्याच गावची. नवरा गेला, शेत तिने दिराला बटाईने दिलं. बैलजोडी विकून दुभती म्हैस घ्यायची आणि दुधावर जगायचं, एवढाच तिचा बेत. जोडी देखणी होती. घेणाऱ्याकडून दोंडाईच्याचा दलाल रतिलाल उभा होता. गोड बोलून गळा कापणारा माणूस.

रुपचंदने उपरणं टाकलं. रतिलालने पहिला भाव सांगितला असावा, कारण रुपचंदने नाक मुरडलं. घासाघीस सुरू झाली. भिकुबाई बैलाच्या वशिंडावर हात ठेवून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मी रुपचंदकडे बघत होतो.

तेवढ्यात कनातीत कुणीतरी ढोलकी वाजवून बघू लागलं. शिकाऊ हात. ठेका सारखा घसरत होता. रुपचंदच्या कपाळाला आठी पडली.

"चित्त आठे ठेव," मी दबक्या आवाजात म्हणालो.

त्याने मान हलवली, पण मान कनातीकडेच होती. ठेका पुन्हा घसरला. उपरण्याची किनार थरथरली. मला कळलं, आत त्याची बोटं रतिलालच्या तळहातावर तो ठेका सावरत होती. रतिलालने हात हिसकून बाहेर काढला, उपरणं उडवलं.

"पक्का! सौदा पक्का!"

त्याने भाव सांगितला तेव्हा आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. तेवढ्या पैशांत तर जोडीतला एकच बैल आला असता.

"रुपचंदभाऊ," भिकुबाई म्हणाली, "इतलामा मना बैल दिधात?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आमची दलाली सगळी दिली तरी भरून निघणार नव्हतं, आणि म्हैस तर गेलीच होती.

रतिलालला सगळं कळलं होतं. "हाताने ठोकलं, मी ऐकलं," तो म्हणाला. "बाजाराचा कायदा आहे."

कायदा होता. आणि त्यातून सुटायची वाटही एकच होती. दलालाने आपलं उपरणं सगळ्यांदेखत जमिनीवर ठेवायचं आणि आपला हात विश्वासाचा नाही असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सौदा मोडतो. पण त्या दलालाचा हात पुन्हा कुणी धरत नाही, कुठल्याच बाजारात. मी असं होताना कधी पाहिलं नव्हतं. फक्त आबांकडून ऐकलं होतं.

रुपचंदने खाली पडलेलं उपरणं उचललं, झटकलं. मी त्याचं मनगट धरलं.

"गप ऱ्हाय. लेकरे काय खातीन?"

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. उपरण्याची नीट घडी घातली आणि भिकुबाईच्या पायांपाशी मातीत ठेवली.

"आजपाइन मना हात बाजारना नही. सौदा मोडना."

रतिलालने नजर खाली घातली. भिकुबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, आते तू हात घाल." मी घातला. हात घामाने ओला झाला होता, पण शहाणा होता. रतिलाल शरमला असावा, फार ताणलं नाही त्याने. म्हैस येईल एवढं मी मिळवलं.

मग रुपचंदला बाजूला ओढलं. राग डोक्यात गेला होता.

"खरं सांग. भिकुबाईकरता ठेवं का फडकरता?"

त्याने आपला हात उलटसुलट करून पाहिला.

"जव्हय ठेवं तव्हय बाईकरता ठेवं," तो म्हणाला. "मंग हलकं वाटनं, भाऊ. त्यानंच भेव वाटस."

पुष्पाबाईचा माणूस त्याला बोलवायला आला होता. रुपचंद दोन पावलं गेला, परत आला. म्हणाला, "घरमा तू सांग." बाजारात सगळ्यांसमोर जे बोलला, ते बायकोसमोर बोलायची त्याची छाती नव्हती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तोवर तो कनातीत शिरला होता.

एसटीत मी एकटाच बसलो. रस्ताभर त्याला शिव्या घातल्या. घरी पोचलो तेव्हा प्रमिला ओट्यावर धान्य निवडत होती. मला एकट्याला पाहून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"त्या कोठे शेतस?"

मी सांगितलं. भिकुबाईचं सांगितलं, उपरण्याचं सांगितलं. माझा भाऊ खरा माणूस निघाला, असंही सांगितलं, कारण ते खरं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.

"आनि आम्ही?"

"मी शे ना," मी म्हणालो. म्हणता म्हणताच कळलं की आता दोन घरांची चूल माझ्या एका हातावर आहे आणि हा हात मला मरेपर्यंत बाजारातून काढता येणार नाही. प्रमिलाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मला रुपचंदचा इतका हेवा वाटला की पाणीसुद्धा न मागता मी तिथून निघालो.