सज्जनबाईंच्या पिसवा

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तापट. पिसू दिसली की माझे दोन्ही अंगठे आपोआप एकमेकांकडे धावतात. आणि आमच्या घरमालकीणबाई पडल्या जैन, मुंगी दिसली तर पाऊल हवेतच धरणाऱ्या. आता बोला!

मी कुंदा, अमळनेरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मी सज्जनबाईंच्या घरात दोन खोल्या घेऊन राहत होते. सगळी गल्ली त्यांना मांजी म्हणायची, म्हणून मीही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लखीचंद जळगावला डाळमिल चालवायचा. एवढ्या घरात त्या एकट्या आणि भिंतीपलीकडे मी एकटी. भांडायला का होईना, दोघींना एकमेकींचाच आधार.

पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हा त्यांच्या घरचा नेम. त्या शेवटच्या पोळीला एक तांबडा कुत्रा आला आणि ओसरीवरच राहिला. पेढीवर बसल्यासारखा दिवसभर भिंतीला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखायचा, म्हणून मी त्याला मुनीम म्हणायला लागले. मांजी तोंडानं त्याला "हट्, हट्" म्हणायच्या आणि त्याच्या पोळीला गुपचूप तूप लावायच्या.

तर या मुनीमजींनी घरात पिसवा आणल्या. ओसरीवर आणल्या, माजघरात आणल्या, माझ्या गादीतसुद्धा आणल्या. मी दवाखान्यातून पावडरचा डबा घेऊन आले तर मांजी दारात आडव्या. "माझ्या घरात हे नाही चालायचं, बेटा."

"मग काय त्यांची पूजा करू?"

"तू रोज सकाळी बुद्धापुढे बसून काय म्हणतेस? प्राण्याला मारणार नाही, हेच ना?"

आली का पंचाईत! पंचशीलातलं पहिलंच शील, तेही मी मोठ्यानं म्हणते आणि भिंत पातळ. "ते पिसवांसाठी नाही," असं पुटपुटत मी डबा परत नेला.

मांजी रोज सकाळी सामायिकाला बसायच्या, म्हणजे दोन घटका आसन न हलवता जप. एकदा मी पाहिलं, त्यांच्या घोट्यावर पिसू चढली. तिच्या मागून दुसरी. मांजींचे ओठ हलत होते, पाय मात्र जरा हलला नाही. बघून माझ्याच अंगाला खाज सुटली.

तेवढ्यात लखीचंदभाऊ आले. त्यांना पहिला मुलगा झालेला. सूनबाई माहेरून जळगावला परतली होती आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाळ पहिल्यांदाच आजीकडे यायचं होतं. ओसरीवर बसल्या बसल्या भाऊंनी पोटरी खाजवली, मग दुसरी. मग मुनीमकडे पाहिलं. "मां, हा कुत्रा जाऊ दे. एवढंसं बाळ आहे. घरात पिसवा असतील तर मी त्याला नाही आणणार."

चूक त्यांचं काही नव्हतं, मीही तेच म्हटलं असतं.  भाऊंची गाडी गेल्यावर मुनीम शेवटच्या पोळीसाठी दारात येऊन बसला, तेव्हा मांजी पोळी हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. नातवासाठी त्यांनी मऊ जुन्या साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती आणि रोज काढून त्यांच्या घड्या बदलत होत्या. नातवाला मांडीवर घ्यायचं तर मुनीमला घालवायचं. नाहीतर पिसवा घालवायच्या, पण एकही न मारता. माझा जीव कळवळला. आणि माझा जीव कळवळला की मला आधी रागच येतो.

"चला, काढू एकेक करून," मी ओरडले. "काय होईल ते होईल!"

आधी त्यांनी आपली पूंजणी काढली. बसायच्या आधी जागेवरचे जीव अलगद बाजूला करायची ती लोकरीची छोटी झाडणी. ती मुनीमच्या अंगावरून फिरवली तर तो खुशाल चारी पाय वर करून पडला. लाडच वाटले गुलामाला! मग मी उवांची बारीक फणी आणली. पण पहिलीच पिसू निघाली आणि माझ्या अंगठ्यांनी घात केला. चट्ट!

"कुंदा!" मांजींनी फणी हिसकावली. "तू फक्त वाटी धर."

आणि जन्मात कुत्र्याला हात न लावलेल्या त्या बाईनं मुनीमचं डोकं मांडीवर घेतलं. कानामागून, मानेखालून, शेपटीच्या मुळाशी फणी फिरवायच्या. निघालेली पिसू वाटीतल्या कापसात सोडायच्या. कापसात तिचे पाय गुंततात, उडता येत नाही. वर फडकं बांधून ती वाटी मी दवाखान्यात जाता जाता बोरी नदीच्या वाळूत रिकामी करायची. वाटेत भाजीवाली भागाबाई बसलेली असायची.

"कुंदाबाई, वाटीमा काय शे व? परसाद शे का?"

"पिसवा शेतस!" मी म्हणायची. ती बिचारी मला वेड लागलं असं समजून वांगी जास्तीची घालायची.

एका संध्याकाळी मी हसत हसत मांजींना म्हणाले, "त्या तापल्या वाळूत पडल्या की अशा तडतडतात, लाह्याच जणू!" मांजींचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उद्यापासून तू नको जाऊस. मीच सोडून येत जाईन." मला काय, बरंच झालं.

मुनीम स्वच्छ झाला. खाजवायचा बंद झाला, कांती चमकायला लागली. पण घरातल्या पिसवा हटेनात. आखाजी तोंडावर आली आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. एक दिवस दवाखाना लवकर सुटला. घरी आले तर मांजींच्या मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आत त्या पलंग सोडून खाली गोधडीवर झोपलेल्या, पोटऱ्या उघड्या, लालभडक फोडांनी भरलेल्या. उशाशी वाटी. रिकामी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मांजी! वाटीतल्या पिसवा कुठे सोडता तुम्ही?"

त्या दचकून उठल्या. चोरी पकडल्यासारखं लुगडं पायांवर ओढलं. "वाळूत मरत होत्या ना गं," हळूच म्हणाल्या. "आणि सावलीत सोडल्या तरी उपाशी मरणार. माझ्या पोळीच्या मागे आल्यात त्या घरात. मग म्हटलं, माझ्यापाशी राहू देत. मला कुठे काय होतं?"

मला रडावं की ओरडावं कळेना. मी दोन्ही केलं. "काय होतं म्हणजे? पाय बघा! तुम्ही माझी आई असतात तर बांधून ठेवलं असतं तुम्हाला!" असं म्हणत मी त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि कॅलामाइन लावलं. त्या गुमान लावून घेत होत्या. लावता लावता माझा आवाज खाली आला.

"मांजी, या गोधडीत त्या अंडी घालणार. घर भरून जाईल. मग एक दिवस लखीचंदभाऊ फवारणीवाला आणतील आणि एका दुपारी सगळ्या मरतील. ते चालेल?"

त्यांनी कानावर हात ठेवले.

"मग मारू नका. पण नव्या जन्मू तर देऊ नका! दिवसभर बायकांना मी दुसरं काय सांगते?"

मांजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "त्यांचंही ऑपरेशन करशील, बाई!"

पण पटलं त्यांना. ती गोधडी मी तशीच डोक्यावरून नेऊन नदीकाठच्या बाभळीखाली ठेवली, सावलीतच हं, त्याशिवाय त्यांनी मला हलू दिलं नसतं. घरातल्या गाद्या, उशा, गोणपाटं, सगळं पत्र्यावर टाकलं. "उन्हात मरतील गं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "ऊन काय आपण पाडलं? झटका, त्यांना पळायचं तर पळू दे." रोज फरशीच्या फटीफटीतून केर काढला. मुनीमचं पोतं रोज बदललं. पिसवा कमी कमी होत गेल्या. अगदीच संपल्या असं मात्र मी छातीठोक सांगू शकत नव्हते, आणि मांजींना खोटं खपत नव्हतं. म्हणून जळगावला पत्र टाकलं ते एवढंच: मुनीम आहे, पिसवा जवळजवळ गेल्या.

आखाजीला सकाळीच गाडी आली. सूनबाई बाळ घेऊन उतरली. दुपट्यांची थप्पी मांजींनी पुढे ठेवली, पण स्वतः भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. "मी इथूनच बघते," म्हणाल्या. "माझ्या अंगावर एखादी असली तर? मुनीम राहतोय, बाळ आलंय, मला एवढं पुरे."

मी तोंड उघडणार तोच लखीचंदभाऊ पाया पडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. लुगड्याच्या काठाखाली घोटे दिसत होते. काळे पडलेले डाग, त्यांत काही अजून ओले.

"मां, हे काय?"

मांजींनी लुगडं खाली ओढलं. मग मीच सगळं सांगितलं, रागारागानं, फणीपासून गोधडीपर्यंत. भाऊ खालीच बसले. आईचे पाय दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मुनीम येऊन त्यांच्या खांद्याला नाक लावून गेला, त्यालाही त्यांनी हटकलं नाही.

मग ते उठले. सूनबाईच्या हातातून बाळ घेतलं आणि आईसमोर धरलं.

"नको रे," मांजी मागे सरल्या. "चावलं तर?"

"चावू दे," भाऊ म्हणाले.  "पिसू चावली तर दोन दिवसांत बरं होईल, मां. तुझ्या मांडीवर न बसता मोठा झाला तर त्याचं काय करू?"

मांजींनी पदर एकदा झटकला, दोनदा झटकला, आणि खाली बसून मांडी घातली.